रिकाम्या हातातला कापूस

माणूस गप्प बसला तं लोकायले वाटते, थकला असन. गप्प बसून हसला तं वाटते, सुखी हाये. पण गप्पही बसला, हसलाही नाई, अन् डोळे लावून नुसताच पाहून राह्यला, तं त्याच्यापाशी कोणी बसत नाई. हे मले सिंदीच्या लोकायनं शिकवलं. चांगलंच शिकवलं, बेट्यायनं.

माझं नाव चंद्रभान. काम कापसाच्या पारखीचं. आमच्या सिंदीत, सरकी काढाच्या जिनापुढं कापसाच्या बैलबंड्या लागल्या की मले बोलावणं येत जाय. बंडीच्या मधातून मूठभर कापूस उपसाचा, त्यातला पुंजका अंगठा अन् दोन बोटायच्या मधात धराचा, हळूहळू वढाचा, की धाग्याची लांबी समजते. ओल किती, कचरा किती, सारं बोटायले समजे. व्यापारी माझ्या तोंडाकडं पाहून भाव बोलत. मी हसलो की बंडीवाला खूश, मी नाक मुरडलं की तो माझ्या खानदानाचा उद्धार करे. मीबी कमी नव्हतो, एका शिवीले दोन देत होतो. असं माझं बोलकं तोंड होतं, अन् मले त्याचा गर्व होता.

मंग सरकारनं कापसाची खरेदी आपल्या हाती घेतली, अन् माझं काम सुटलं. त्याच सुमाराले माझ्या उजव्या हाताची बोटं उगीचच चालू लागली. चहाच्या टपरीवर बसलो, हात मांडीवर पडला, की अंगठा बोटावर घासला जाय अन् थांबेच नाई. लोकायले मजा वाटली. माझा जुना दोस्त महादेवराव, किराणा दुकानवाला, तो तं सगळ्यायले दाखवे. "पाहा, चंद्रभानजीची खरेदी बंद झाली, पण हाताले अजून कोणी सांगतलं नाई!" सारे हसत, मीबी हसत होतो. जन्मभर केलेलं काम हातात बसलं, त्याले डॉक्टर कायले पाह्यजे? दुसऱ्या कोण्या धंद्यातल्या माणसाचा हात असा हलला असता तं घरच्यायनं आठ दिवसात त्याले दवाखान्यात नेलं असतं. आमच्या इथं त्याचं कौतुक झालं.

तोंड कधी बंद पडलं ते मात्र मले समजलंच नाई. आपलं तोंड आपल्याले दिसते कुठं! महादेवराव एखादी गोष्ट सांगे, मी आतल्या आत पोट धरून हसत होतो, अन् तो माझ्याकडं पाहून गोष्ट अर्ध्यात सोडे. आवाजही बसत गेला. मी काई बोललो की समोरचा म्हणे, "काय म्हणता जी?" दुसऱ्यांदा सांगतलं तरी, "काय म्हणता?" मंग माझाच संताप होये अन् मी चूप बसत होतो. एक दिवस महादेवराव म्हणला, "चंद्रभानजी, तुमच्यापाशी बसलं की कोर्टात बसल्यावानी वाटते." अन् बाकड्याच्या दुसऱ्या टोकाले सरकला. पुढं पुढं त्यानं टपरीच बदलली. हरामखोर! इतकी वर्षं माझ्या हातची सुपारी खाल्ली अन् एकदा विचारलं नाई, की बाबा, तुले झालं काय? मले त्याच्यावर राग येई, अन् संध्याकाळ झाली की त्याचीच आठवण येई.

घरी लेक मधुकर अन् सून लीला. दोघंही चांगले, पण मले भेत होते. मी ओसरीवर बसलो की ते आत हळू आवाजात बोलत. बायको आधीच गेली होती. ती असती तं माझ्यापुढं ताट आपटून म्हणली असती, "अजी, तोंड काऊन असं करून बसले?" मंग काई तरी उलगडा झाला असता. आता असं विचारणारं घरात कोणी नव्हतं.

हेबी सोसलं असतं. रुख्मिणीचं नाई सोसलं.

रुख्मिणी माझी मोठी लेक, देवळीले देलेली. जावई प्रभाकररावचं तिथं कापडाचं दुकान. तिचा गजू, चार वर्षाचं पोट्टं, भल्लं मस्तीखोर. उन्हाळ्यात आलं की माझ्या खांद्यावरून उतरे नाई. त्याले ताप आला, ताप डोक्यात गेला, अन् पोरगं गेलं. निरोप आल्याबरोबर मधुकर मले घेऊन देवळीले गेला.

ओसरी माणसायनं भरली होती. मले खुर्ची देली. रुख्मिणी आतून धावत आली अन् "बाबा, बाबा" करत माझ्या पायाशी पडली. माझं काळीज फाटलं होतं. मी तिचं नाव घेऊन मोठ्यानं ओरडलो, पण ते ओरडणं गळ्यातच राह्यलं. ओठ हलले नाई, भुवई हलली नाई. तिले उचलून पोटाशी धराव म्हणलं तं आंगच उठे नाई. तिनं मान वर करून माझ्या तोंडाकडं पाह्यलं. मंग तिची नजर माझ्या मांडीवर गेली. तिथं हात चालूच होता, अंगठा बोटावर, अंगठा बोटावर.

"माझं लेकरू गेलं," ती म्हणली, "अन् तुम्ही कापूस पाहून राह्यले?"

सारी ओसरी माझ्या हाताकडं पाहू लागली. मी तो हात दुसऱ्या हातानं दाबून धरला, तरी तो खालून चालतच होता. तवाच समजाले पाह्यजे होतं की हे काई आदतीचं काम नोहे. पण कोणालेच समजलं नाई, मलेबी नाई. मले वाटलं, आपलं मनच कोडगं झालं असन, म्हातारपणी होत असन माणसाचं असं. रुख्मिणी उठून आत गेली. त्या दिवसापासून तिनं माहेरची पायरी चढली नाई. दिवाळी गेली, राखी गेली. मधुकर तिले आणाले जाये अन् एकटाच वापस येये.

मी ओसरीवर बसून राहत होतो. रस्त्यानं कोणी बाई पिशवी घेऊन आली की रुख्मिणीच वाटे. जवळ आली की दुसरीच कोणी निघे, अन् माझं तोंड पाहून पदर सावरून भराभर पुढं निघून जाय.

पुढं माझे पाय जमिनीले चिकटू लागले. एक दिवस रेल्वेचं फाटक वलांडताना मधातच थांबले. मी मनात म्हणून राह्यलो, चाल रे, चाल, अन् पाय ऐकतच नाई! गाडीले अजून वेळ होता म्हून वाचलो. फाटकवाल्यानं वढून बाजूले नेलं. दुसऱ्या दिवशी मधुकर मले सेवाग्रामच्या दवाखान्यात घेऊन गेला.

तिथली डॉक्टरीण कवळी पोरगी होती. तिनं मले चालवलं, बसवलं, मनगट हलवून पाह्यलं. मंग मांडीवरच्या हाताकडं पाहून म्हणली, "हे कधीपासून?"

मधुकर म्हणला, "ते काई नाई मॅडम. बाबा कापसाचे पारखी हायेत. हाताले आदत हाये."

ती उठली, कपाटातून जखमेले लावाचा कापूस काढला अन् माझ्या हातात ठेवला. "बाबाजी, पाहून सांगा, कसा आहे?"

मी पुंजका धरला, वढून पाह्यला. "बिनकामाचा हाये," मी म्हणलो. "धुऊ धुऊ याचा जीव काढला." तिले एकदा सांगतल्यातच ऐकू आलं, काऊन की ती तोंडापाशी कान घेऊन बसली होती.

ती हसली. "आता हाताकडं पाहा."

हात थांबला होता. एकदम शांत. तिनं कापूस काढून घेतला, हात मांडीवर ठेवला, अन् घडीभरानं बोटं पुन्हा चालू झाली. ती म्हणली, "सवय असती तर कापूस हातात आल्यावर हात चालला असता. तुमचा तर कापूस नसताना चालतो. ही सवय नाही, आजार आहे."

मधुकर माझ्याकडं पाहतच राह्यला. इतकी वर्षं सारी सिंदी त्या हाताले हसली, अन् मूठभर कापूस देऊन पाहाची अक्कल कोणाले आली नाई. मी सोता पारखी, मलेबी आली नाई.

मंग तिनं अजून एक गोष्ट विचारली. "बाबाजी, आतून हसू येतं का?"

काय सांगू! असं कोणी विचारन, याची मी आशाच सोडली होती. मी म्हणलो, "येते. रडूही येते." ती म्हणली, "माहीत आहे मला. बाहेर येत नाही, एवढंच."

आजाराचं नाव पार्किन्सन. मधुकरच्या तोंडात ते नाव आठ दिवस बसलं नाई. तिनं आम्हाले समजावून सांगतलं. डोक्यात एक रस तयार होते, त्याच्यानं हातपाय, तोंड, आवाज, सारं सरळ चालते. माझा तो रस आटून राह्यला. दहा-पंधरा वर्षं आधी आलो असतो तं तिले नुसतं नाव सांगून घरी धाडाव लागलं असतं. आता एक गोळी निघाली हाये, तिच्यातून आंग तो रस बनवते. आजार जात नाई, पण माणूस बराच मोकळा होते. "अन् पुढं पुढं गोळीचा असर थोडा थोडा वेळच टिकतो," ती म्हणली. "ते आत्ताच सांगून ठेवते."

गोळ्या नागपूरहून आणल्या. दोन महिने घेतल्या अन् काई फरक नाई! नुसती मळमळ. मी चिडलो, गोळ्या उकिरड्यावर फेकाले निघालो. लीला बिचारी, दवा गरम असते म्हून रोज एक पेला भरून म्हशीचं दूध तापवे अन् त्याच्यासंगं गोळी दे. आमच्या घरी दवा दुधासंगंच घेतात, माझ्या मायच्या वेळेपासून. सेवाग्रामले पुन्हा गेलो तवा दुधाचं ऐकून डॉक्टरणीनं कपाळावर हात मारला. दुधातलं सत्त्व अन् ही गोळी एकाच दारातून आत जातात म्हणे, दूध आधी घुसते अन् गोळी बाहेरच राह्यते. "जेवणाच्या आधी, नुसत्या पाण्यासोबत," ती म्हणली. घरी हे ऐकून लीलाचं तोंड एवढंसं झालं. "मामाजी, मीच तुमचं औषध वाया घालवलं," म्हणून रडू लागली. मले तिले म्हणाचं होतं, अवं बाई, तू तं मायेनं देलं. पण म्हणता आलं नाई.

पाण्यासंगं घेऊ लागलो अन् आठ-पंधरा दिवसातच एका सकाळी मधुकर घाईघाईत शर्ट उलटा घालून बाहेर निघाला. मी मोठ्यानं हसलो. खरंच हसलो, आवाज काढून! लीलाच्या हातून ताट पडलं. मधुकर उलट्या शर्टातच माझ्यापुढं येऊन बसला अन् लहान पोरावानी माझं तोंड पाहत राह्यला. त्या दिवशी मी टपरीपर्यंत एकटा चालत गेलो. महादेवराव दिसला, पण मीच त्याले हाक मारली नाई. राह्य म्हणलं बाजूले.

मले एकच आस होती. रुख्मिणीले सांगाचं होतं, की त्या दिवशी मी रडलो होतो. मधुकर देवळीले गेला, सारं सांगतलं. ती म्हणली, "हात हलते, पाय अडते, हे आजार मी ऐकले. नातू मेल्यावर रडू येत नाई, असा आजार असते का कुठं?" अन् तिनं विषय बंद केला. पुन्हा गेला, पुन्हा तेच. याच्यात वर्ष निघून गेलं. अन् डॉक्टरणीनं सांगतलं तसं होऊ लागलं. आधी सकाळची गोळी रात्रीपर्यंत पुरे, आता दुपारीच उतरू लागली. मंग मले भेव पडला. हे तोंड चालून राह्यलं तवरच जाव लागते. उद्या गोळीनंही उघडलं नाई तं लेक जन्मभर तेच धरून बसन.

मधुकरले म्हणलं, तू येऊ नोको. वर्ध्यापर्यंत गाडीनं गेलो, तिथं पाण्याच्या नळापाशी गोळी घेतली, अन् देवळीची बस धरली. एक गोळी कागदात बांधून खिशात ठेवली होती.

दार रुख्मिणीनंच उघडलं. वाळली होती. कानापाशी केस पांढरे झालते. तिले पाह्यलं अन् माझ्या तोंडावर हसू आलं, आपोआप, भरभरून. माझ्या हातात होतं का ते? इतक्या दिवसांनी लेक दिसली, बाप हसन नाई तं काय करन!

तेच चुकलं. ती दारातच उभी राह्यली. "आता हसता येते," ती म्हणली.

तरी तिनं पाणी देलं, खाट टाकली. सोता समोर सुपात गहू घेऊन निवडाले बसली. प्रभाकरराव दुकानात होते. घरात दुसरं कोणी नव्हतं. मी सारं सांगतलं, सेवाग्राम, कापसाचा पुंजका, रस, गोळी, दूध. आवाज चांगला खणखणीत होता माझा. ती गव्हातून मान वर करेना.

"रुख्मे, मी रडलो होतो वं. आतून रडलो होतो," मी म्हणलो, अन् माझ्या डोळ्यातून पाणी वाहू लागलं.

तिनं सूप बाजूले ठेवलं. "हे पाणी तवा कुठं होतं बाबा? आता येते ना? धडधडीत येते. मंग तवाच काऊन नाई आलं? तुम्हाले हसता येते, बोलता येते, गाडी बदलून एकटं देवळीले येता येते. अन् माझ्या गजूच्या वेळेलेच तुमचं तोंड बंद होतं! कोणाले सांगता?"

जितकं चांगलं बोलून राह्यलो तितका मी खोटा ठरून राह्यलो. माझं चालतं तोंडच माझ्या विरोधात साक्ष देऊन राह्यलं होतं. मले गोळीचा संताप आला, डॉक्टरणीचा आला, सोताचा आला.

तेवढ्यात मानेमागं ताठरपणा चढू लागला. मले तो आता ओळखीचा झालता. गोळी उतराच्या आधी असंच होते. हात खिशाकडं गेला. कागद बोटाले लागला. समोर पाण्याचा गडवा होता. आता गोळी घेतली तं थोड्या वेळानं पुन्हा मोकळा झालो असतो, मानानं बसस्टँडपर्यंत चालत गेलो असतो.

मी हात बाहेर काढला. गोळी खिशातच राहू देली.

"रुख्मे," मी म्हणलो, "बस माझ्यापुढं. आता काईच बोलू नोको. माझ्या तोंडाकडं पाह्य. बस, एवढंच कर. मंग मी चालला जातो, पुन्हा येत नाई."

ती बसली. नाखुशीनं बसली. मी रडतच होतो, अन् रडता रडता गजूचं बोलू लागलो, खांद्यावरून उतरे नाई ते, टोपी वढे ते. बोलता बोलता आवाज खाली बसू लागला. ती पुढं वाकली. ओठ जड झाले. अजून बोलून राह्यलो होतो, पण मलेच ऐकू येईना. मंग गाल बसले, मंग डोळे तिच्यावरच थांबले, पापणी लवेना. आतून मी तसाच हमसून हमसून रडत होतो, आधीपेक्षा जास्तच. अन् मांडीवरची बोटं चालू झाली.

रुख्मिणी पाहत होती. माझं तोंड, मंग हात, मंग पुन्हा तोंड. तिचा हात तिच्याच तोंडावर गेला.

"बाबा," ती म्हणली. "अजून रडून राह्यले का तुम्ही?"

मले "हव" म्हणाचं होतं. एवढासा शब्द! तो काई वर येईना. इतक्या वर्षांत कोणीही एवढा वेळ थांबलं नाई, सारे "काय म्हणता जी" म्हणून उठून जात. ती थांबली. माझ्या तोंडापाशी कान आणून थांबली.

"हव," मी म्हणलो.

"त्या दिवशीबी?"

"हव."

तिनं माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवलं अन् अशी रडू लागली, अशी रडू लागली, की शेजारची बाई भिंतीवरून डोकावून गेली. "मले त्या दिवशी तुमच्यापाशीच रडाचं होतं," ती म्हणे. "घरात सारे म्हणत होते, पुरे कर आता, पुरे कर. मी तुमचीच वाट पाहून राह्यलती बाबा. तुम्ही आले अन् माझं रडणंच थांबलं. ते अजून झालंच नाई."

मी हात उचलला. उचलाले भल्ला वेळ लागला. तिच्या डोक्यावर ठेवला तं तो तिथंबी हलू लागला. मले लाज वाटली, मी तो काढू लागलो. तिनं मान न उचलता माझं मनगट धरलं अन् हात होता तिथंच ठेवला.

"राहू द्या," ती म्हणली. "हलू द्या त्याले."